हवा हवी, पण किती?

(गाडीने लांबच्या प्रवासाला निघताना किंवा रानात तंबू ठोकून राहायला जाताना टायरमध्ये हवा भरण्याचा छोटा पंप बरोबर घेण्याची पद्धत आता वाढली आहे. असा पंप कसा निवडावा, हे प्रस्तुत पाठात लेखिकेने स्वतःच्या अनुभवाच्या आधारे समजावून सांगितले आहे. खोक्यावरचा मोठा आकडा पाहून वस्तू घेऊ नये, आधी आपली गरज ओळखावी, हा या पाठातील मुख्य विचार आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठीतला 'हवा' हा शब्द मोठा गमतीचा आहे. उर्दूत हवा म्हणजे काय, ते तुम्हांला ठाऊकच आहे. मराठीतही तोच अर्थ आहे. पण 'मला एक पंप हवा' असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्या 'हवा'चा वाऱ्याशी काही संबंध नसतो. तिथे 'हवा' म्हणजे 'पाहिजे'. म्हणून टायर बसलेल्या गाडीजवळ उभे राहून कोणी 'हवा हवी' असे म्हटले, तर त्यातला पहिला शब्द तुमच्या ओळखीचा आणि दुसरा नवा. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहून हे दोन शब्द मला पुष्कळ वेळा म्हणावे लागले. त्याची हकीकत आधी ऐका.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही घरची सात माणसे मालेगावहून अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याला निघालो होतो. पावसाच्या तोंडावर तिथल्या झाडांवर असंख्य काजवे चमकतात. ते पाहण्यासाठी धरणाच्या पाण्याकाठी तंबूत एक रात्र राहायचे, असे ठरले होते. गाडी भाईजानांची होती. टपावर तंबू, सतरंज्या, पाण्याचे कॅन आणि हवा भरून फुगवायच्या दोन गाद्या बांधल्या होत्या. हवेचा पंप आणण्याचे काम माझ्याकडे होते. मी बाजारात गेले. दुकानदाराने चार-पाच पंप पुढे ठेवले. एकाच्या खोक्यावर '१५०' हा आकडा ठळक लाल अक्षरांत छापला होता. बाकीच्या खोक्यांवर १०० किंवा १२० असे आकडे होते. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला पंप, असा विचार करून मी तोच उचलला.

घोटी सोडून आम्ही भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि मागचे एक चाक बसले. टायरमध्ये खिळा घुसला होता. भाईजानांनी स्टेपनी काढली, तर तीही बसलेली! निघण्यापूर्वी आम्ही चारही चाकांची हवा तपासली होती. पाचव्या चाकाची आठवण कोणालाच झाली नव्हती. 'काळजी नको, पंप आहे,' असे मी मोठ्या ऐटीत म्हणाले. पंपाची वायर गाडीतल्या सॉकेटला जोडली. पंप घरघरू लागला. काटा १२ वरून १६ वर आला आणि पंप एकाएकी गप्प झाला. सॉकेटचा फ्यूज उडाला होता.

अंधार पडू लागला. शेजारून वाहने भरधाव जात होती. अम्मी मुलांना घेऊन रस्त्यापासून लांब, बांधावर जाऊन बसल्या. तेवढ्यात ट्रॅक्टर घेऊन चाललेला एक शेतकरी थांबला. त्याने आमची अडचण विचारली आणि गावात जाऊन घरचा पायपंप घेऊन आला. आम्ही सर्वांनी आळीपाळीने पाय मारले. मुले मोठ्याने मोजत होती. अडीचशेच्या पुढे त्यांनी मोजणे सोडून दिले. शेवटी स्टेपनी भरली, चाक बदलले आणि आम्ही उशिरा मुक्कामी पोहोचलो. गाद्या फुगवायला पंप नव्हता. सतरंजीवर पडून आम्ही काजवे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपाचे खोके उलटे करून वाचले. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळे लिहिलेले होते. पंपाला १४ अँपिअर विद्युतधारा लागत होती. आमच्या गाडीतल्या सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा होता. आता तो उडणार नाही तर काय होईल? मी शाळेत विज्ञान शिकवते. दाब, आकारमान, विद्युतधारा हे शब्द मी नेहमी फळ्यावर लिहिते. खोक्यावर मात्र ते वाचायचे राहून गेले. म्हणून पंपाला नावे ठेवण्याआधी मला स्वतःचाच कान धरावा लागला. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, यासाठी हा पाठ.

आता मुळापासून सुरुवात करू. गाडीचे वजन कोण पेलते? तुम्ही म्हणाल, टायर पेलतो. पण हवा सोडलेला टायर गाडीखाली लगेच चपटा होतो. म्हणजे खरे ओझे टायरमधली दाबलेली हवा उचलते. रबर त्या हवेला कोंडून ठेवते. हवेच्या टायरची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसन यांना प्रथम सुचली. त्यांनी १८४५ साली तिचे पेटंट घेतले. पण त्या काळी मोटारी नव्हत्या आणि सायकलीही आजच्यासारख्या नव्हत्या. त्यामुळे ती कल्पना मागे पडली. पुढे बेलफास्ट शहरात गुरांचे डॉक्टर असलेले जॉन डनलॉप यांनी १८८७ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेने भरलेली रबरी नळी बसवली. मुलाला धक्के कमी बसू लागले. १८८८ साली त्यांनी पेटंट घेतले आणि थोड्याच वर्षांत हवेचे टायर सर्वत्र पसरले.

टायरमधल्या हवेचा दाब आपल्याकडे बहुधा 'दर चौरस इंचाला इतके पौंड' असा मोजतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'पीएसआय' म्हणतात. पेट्रोल पंपावर कोणी 'बत्तीस भरा' असे सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ ३२ पीएसआय असा असतो. लहान मोटारीला साधारणपणे ३० ते ३५ पीएसआय दाब लागतो. नेमका आकडा किती, हे गाडी तयार करणाऱ्या कंपनीने ठरवलेले असते. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात सापडतो. टायरच्या अंगावरही एक दाब छापलेला असतो. पण तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल, हे सांगणारा असतो. किती हवा भरावी, हे तो सांगत नाही. हे दोन आकडे एकच समजून पुष्कळ लोक चूक करतात.

हवा कमी असेल तर काय होते? एखादी तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. वाकते त्या जागी ती गरम होते आणि शेवटी तुटते. कमी हवेच्या टायरचेही तसेच होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर टायरच्या बाजू वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. त्यामुळे टायर तापतो. गाडीत माणसे जास्त, टपावर सामान, वर मे महिन्याचे ऊन आणि त्यात भरधाव वेग, असे सगळे जमून आले की टायर फुटण्याचा धोका असतो. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग पाहा. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. अशा रस्त्यावर गाडी तासन्‌तास न थांबता वेगाने धावते. तिथे टायरमधल्या हवेची हयगय जिवावर बेतू शकते. उलट, हवा फार झाली तर टायर मध्यभागी फुगतो. त्याचा थोडाच भाग रस्त्याला टेकतो. मग पकड कमी होते आणि टायर मधोमध झिजतो. म्हणून हवा कमी नको, जास्तही नको. सांगितली आहे तेवढीच हवी.

हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी निघण्यापूर्वी तपासावी. टायर तापला की आतल्या हवेचा दाब वाढतो. मोटारीच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसला सुमारे दीड पौंड इतकी ही वाढ असते. तापलेल्या टायरचा आकडा पाहून कोणी हवा काढून टाकली, तर टायर थंड झाल्यावर त्यात हवा कमी पडते.

आता पंपाकडे वळू. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून धरा आणि दांडा खाली ढकला. दांडा जसजसा खाली जातो, तसतसा बोटावरचा जोर वाढतो. हवेला कमी जागेत कोंबले की तिचा दाब वाढतो. तापमान तेच असताना हवेची जागा निम्मी केली, तर तिचा दाब दुप्पट होतो. हा नियम रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली प्रसिद्ध केला. विजेवर चालणाऱ्या छोट्या पंपातही हेच घडते. फरक इतकाच की दांडा आपल्या हाताऐवजी मोटार हलवते. या पंपाला इंग्रजीत 'कॉम्प्रेसर', म्हणजे दाबणारे यंत्र, असे म्हणतात.

असा पंप घेताना पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : आपल्याला किती दाब हवा? आपल्या मोटारीला ३५ पौंड लागत असतील, तर १०० पौंडांचा पंप पुरून उरतो. खोक्यावरचा १५० हा आकडा पंप जास्तीत जास्त किती दाबापर्यंत जाईल, एवढेच सांगतो. तो किती वेगाने किंवा किती वेळ चालेल, हे त्यावरून कळत नाही. शंभर मजली इमारतीपर्यंत जाणारी लिफ्ट आणली आणि आपले घर दुसऱ्या मजल्यावर असले, तर तिचा काय उपयोग? मी नेमकी हीच चूक केली होती.

दुसरा प्रश्न : पंप एका मिनिटात किती हवा देतो? हा आकडा लिटरमध्ये असतो आणि बहुधा बारीक अक्षरांत असतो. आपण एक सोपा हिशोब करू. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १४.७ पीएसआय असतो. तो आपण १५ धरू. टायरमधला दाब १५ पौंडांनी वाढवायचा असेल, तर टायरच्या पोटात जेवढी जागा आहे, तेवढी बाहेरची हवा आणखी आत घालावी लागते. समजा, लहान मोटारीच्या टायरमध्ये ३० लिटर जागा आहे. दाब २० वरून ३५ पौंडांवर न्यायचा आहे. म्हणजे ३० लिटर हवा लागेल. मिनिटाला ३० लिटर हवा देणारा पंप कागदावर हे काम एका मिनिटात करील. प्रत्यक्षात त्याला जास्त वेळ लागतो. कारण खोक्यावरचा आकडा नळीचे तोंड मोकळे असतानाचा असतो आणि टायरमधला दाब वाढत गेला की पंपाला हवा आत ढकलणे जड जाते. मोठ्या जीपच्या टायरमध्ये ६० लिटर जागा असेल, तर वेळ दुप्पट. मिनिटाला १० लिटर देणारा चिमुकला पंप घेतला, तर वेळ तिप्पट. हा हिशोब वहीत करून पाहा. खोक्यावर 'पाच मिनिटांत टायर भरा' असे लिहिलेले असले, तर 'कोणता टायर?' असे आपण विचारले पाहिजे.

तिसरा प्रश्न : वीज कोठून घेणार? मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. विभवांतराला विद्युतधारेने गुणले की विद्युतशक्ती मिळते. सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा असेल, तर तिथून १२ × १० = १२० वॅटपेक्षा जास्त शक्ती घेता येत नाही. माझा पंप १४ अँपिअरचा, म्हणजे १६८ वॅटचा होता. काही गाड्यांत १५ अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणून आधी गाडीचे माहितीपुस्तक पाहावे आणि मग पंप घ्यावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा साधी तार कधीही बसवू नये. वायर तापून गाडीला आग लागू शकते. मोठ्या पंपांना सॉकेट चालतच नाही. त्यांचे लाल व काळे चिमटे थेट बॅटरीला लावावे लागतात. हे काम जाणत्या माणसानेच करावे. बॅटरी उतरू नये म्हणून पंप चालताना इंजिन चालू ठेवतात. पण बंद गॅरेजमध्ये असे कधी करू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू विषारी आहे. त्याला रंग नाही आणि वासही नाही.

अलीकडे स्वतःची बॅटरी असलेले बिनतारी पंपही मिळतात. ते हातात मावतात आणि कोठेही नेता येतात. दुचाकीसाठी ते फार सोयीचे असतात. पण त्यांची बॅटरी थोड्याच टायरांत संपते. शिवाय त्यांत लिथियमची बॅटरी असते. ती उन्हात बंद गाडीत ठेवणे चांगले नाही. असा पंप सहा महिने पडून राहिला आणि ऐन वेळी त्यात वीजच नसली, तर आमच्या स्टेपनीसारखी गत होते.

चौथा प्रश्न : पंप सलग किती वेळ चालतो? हवा दाबली की ती तापते आणि तिच्याबरोबर पंपही तापतो. म्हणून खोक्यावर '१० मिनिटे चालवा, मग १० मिनिटे थांबा' अशासारखी सूचना असते. चार टायर भरायचे असतील, तर ही विश्रांती हिशोबात धरावी. घाई करून पंप चालूच ठेवला, तर तो जळतो. पंपाची नळी जोडते ते पितळी टोकही तापते. ते काढताना बोटे जपावीत.

पाचवा प्रश्न : पंप पोहोचतो का आणि खरे सांगतो का? वायर आणि नळी मिळून गाडीच्या चारही चाकांपर्यंत पोहोचली पाहिजे. पुढच्या चाकाला पुरणारी वायर मागच्या चाकाला तोकडी पडते. लांबी पाहण्यासाठी गाडीजवळ दोरी धरून मोजावे. पंपावर दाब दाखवणारे मापक असते. ठरवलेल्या आकड्याला आपोआप बंद होणारा पंप मिळाला, तर उत्तमच. पण मापक चुकीचे असू शकते. म्हणून एक साधे सुटे मापक जवळ ठेवावे आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. रात्रीसाठी पंपाला दिवा असला, तर बरे पडते.

आता तंबूतल्या गादीचा विचार करू. इथे गंमत आहे. टायरला दाब जास्त लागतो, पण हवा त्या मानाने थोडी लागते. गादीचे उलट असते. तिला दाब एक पौंडही लागत नाही. हवा मात्र पुष्कळ लागते. समजा, गादीत ३०० लिटर हवा मावते. मिनिटाला ३० लिटर देणारा पंप त्यासाठी १० मिनिटे घरघरत राहील आणि तापेल. गादीसाठी पंख्यासारखा हवा फेकणारा वेगळा, हलका पंप मिळतो. तो थोड्याच वेळात गादी फुगवतो. पण त्याने टायर भरत नाही. साधा पायपंपही गादीला चालतो. खेळाच्या चेंडूंना तर याहून थोडी हवा पुरते. फुटबॉलच्या नियमांत चेंडूचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआय इतका सांगितला आहे. मोठा पंप लावला, तर हा आकडा काही क्षणांतच ओलांडला जातो. म्हणून चेंडूला हातपंप बरा.

काही प्रवाशांना मात्र मोठा आकडाच हवा असतो. अमेरिकेत लोक चाकांवरच्या घरातून प्रवास करतात. त्या गाडीत झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर असते. तिथे तिला थोडक्यात 'आरव्ही' म्हणतात. बसएवढ्या मोठ्या आरव्हीच्या टायरला ८० ते ११० पीएसआय दाब लागतो. तिच्यासाठी १०० चा पंप अपुरा ठरतो. तिथे १५० चा आणि मिनिटाला भरपूर हवा देणारा, थेट बॅटरीला जोडायचा जड पंपच लागतो. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनाचे धोरण स्वीकारले. या गाडीला 'कॅरॅव्हॅन' असे म्हणतात. हा शब्द परका वाटतो ना? पण तो आपला जुना 'कारवाँ' आहे. फारसीतून तो युरोपच्या भाषांत गेला आणि इंग्रजी वेश धारण करून आपल्याकडे परत आला.

'स्टेपनी' या शब्दाचीही अशीच कथा आहे. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी नावाचा एक रस्ता आहे. तिथल्या डेव्हीस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक तयार केले. त्या रस्त्याचे नाव चाकाला मिळाले आणि ते आपल्याकडे कायम राहिले. मात्र आता काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसते. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलले. ज्या लहान प्रवासी गाड्यांत ट्यूब नसलेले टायर, टायरचा दाब सांगणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचे साहित्य असते, त्यांना स्टेपनी बाळगण्याची सक्ती राहिली नाही. अशा गाडीच्या मालकाने तर पंप फार विचारपूर्वक निवडला पाहिजे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पंप हवा भरतो. तो पंक्चर काढत नाही. खिळ्यामुळे हवा हळूहळू जात असेल, तर पंपाच्या मदतीने जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता येते. टायरची बाजू फाटली असेल, किंवा बसलेल्या टायरवर गाडी बरीच चालवली असेल, तर त्यात हवा भरू नये. असा टायर आतून तुटलेला असतो आणि भरताना फुटू शकतो. हवा भरताना टायरच्या समोर वाकून न बसता बाजूला उभे राहावे. गाडी रस्त्यापासून जितकी दूर घेता येईल तितकी घ्यावी, मागचे-पुढचे दिवे लुकलुकते ठेवावेत आणि लहान मुलांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूला उभे करावे. अम्मींनी त्या संध्याकाळी सर्वांत आधी तेच केले होते.

आता आमच्या गाडीत नवा पंप आहे. त्याच्या खोक्यावर १०० हा आकडा होता, म्हणून दुकानदाराला वाटले की मी स्वस्तातला पंप शोधते आहे. पण तो ८ अँपिअर घेतो, त्याची वायर मागच्या चाकापर्यंत पोहोचते आणि तो मिनिटाला किती हवा देतो, हे मी पैसे देण्यापूर्वी वाचले होते. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात मी तो घरच्या अंगणात एकदा चालवून पाहते. त्याच्या शेजारी एक साधा पायपंपही ठेवला आहे. त्याला वीज लागत नाही, फ्यूज लागत नाही. फक्त पाय लागतात. त्या शेतकऱ्याचे उपकार मी असे लक्षात ठेवले आहेत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे वडील टॅक्सी चालवत असतील, कोणाच्या मामांचे पंक्चरचे दुकान असेल. या पाठात जे सांगितले, त्यातले पुष्कळसे ते तुम्हांला हाताने करून दाखवतील. त्यांना जरूर विचारा. आणि कोणतीही वस्तू घेताना खोक्याची एकच बाजू पाहू नका. ठळक अक्षरे वस्तू विकण्यासाठी असतात. बारीक अक्षरे वापरण्यासाठी असतात. हवेत इमले बांधणारा आकडा कोणता आणि आपल्या उपयोगाचा आकडा कोणता, हे ओळखणे यालाच शिक्षण म्हणतात.

आजही आम्ही प्रवासाला निघालो की गाडी सुरू होण्यापूर्वी मागच्या आसनावरून अम्मींचा आवाज येतो, 'पाचवे चाक पाहिले का?'

शब्दार्थ

हयगय – निष्काळजीपणा
टप – गाडीचे छत
आळीपाळीने – एकामागून एक, पाळीपाळीने
मापक – मोजण्याचे साधन
तोकडी – कमी लांबीची, आखूड
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
कान धरणे – चूक कबूल करणे
नावे ठेवणे – दोष देणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
हवेत इमले बांधणे – अशक्य गोष्टींची स्वप्ने पाहणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेने १५० आकड्याचा पंप का निवडला?
(आ) सॉकेटचा फ्यूज का उडाला?
(इ) टायरची हवा केव्हा तपासावी?

२. कारणे लिहा.
(अ) कमी हवेचा टायर तापतो.
(आ) टायर भरणारा पंप गादीसाठी सोयीचा नसतो.
(इ) बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये.

३. हिशोब करा.
एका टायरमध्ये ६० लिटर जागा आहे. त्याचा दाब १५ पौंडांनी वाढवायचा आहे. मिनिटाला २० लिटर हवा देणाऱ्या पंपाला कागदावर किती मिनिटे लागतील? प्रत्यक्षात जास्त वेळ का लागेल?

४. पुढील वाक्यांत 'हवा' हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, ते सांगा.
(अ) आज डोंगरावर थंड हवा आहे.
(आ) मला नवा चेंडू हवा.
(इ) टायरमधली हवा गेली.

५. उपक्रम
घरातील कोणत्याही एका विजेच्या वस्तूचे खोके किंवा तिच्यावरची पट्टी वाचा. तिच्यावरचे सर्व आकडे वहीत लिहा आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ शिक्षकांना विचारा.